शक्तीप्रमाणे

माझी पाळी कधी जाते याची मी जेवढी वाट बघितली, तेवढी क्वचितच कुणी बघितली असेल. त्या वयात बाईला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं म्हणतात. मला तसं वाटायचं कारण नव्हतं. मला दोन गोष्टी मिळणार होत्या. एक, दशलक्षणाचे दहा दिवस अखंड. दुसरी, न दुखणारं डोकं.

दोन्हींचा संबंध आमच्यातल्या बायकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत आमचं दशलक्षण पर्व. उत्तम क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंत रोज एका धर्माचा दिवस. सकाळी बस्तीत अभिषेक-पूजा, नंतर तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय, दहा दिवसांत दहा. कुणी उपवास करतं, कुणी एकाशन, कुणी एखादा रस सोडतं. पण बाईचे चार दिवस या दहा दिवसांत कधी घुसतील याचा नेम नाही. मग बस्तीची पायरी बंद, स्वयंपाकघर बंद, व्रत अर्धवट. लग्नानंतरच्या सत्तावीस वर्षांत मला सलग दहा दिवस मिळाले ते पाच-सहा वेळाच.

यावर उपाय होता, तो म्हणजे पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. भाद्रपद जवळ आला की औषधाच्या दुकानात आम्ही बायका एकमेकींना भेटायचो आणि नजर चुकवायचो. डॉक्टरला कोण विचारतंय? जावेनं दिली, शेजारणीनं दिली, घेतली. मीसुद्धा चार-पाच वर्षं घेतल्या. पर्व पार पडायचं, पण गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी यायची आणि तिच्या पुढं अर्धशिशी. वर्षातलं सगळ्यात वाईट दुखणं मला क्षमावाणीच्या आसपास व्हायचं. सगळे एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ म्हणत घरोघरी हिंडायचे आणि मी आतल्या खोलीत डोक्याला ओढणी आवळून पडलेली असायचे.

अर्धशिशी मला माहेरून मिळाली. आमचं माहेर निपाणीचं. निपाणी म्हणजे तंबाखू. हंगामात गावभर तो उग्र, घशात बसणारा वास असायचा. अण्णांच्या वखारीतून कपड्यांबरोबर तो घरात यायचा. अव्वाचं डोकं त्या वासानं हमखास उठायचं. सकाळी सूर्याबरोबर सुरू व्हायचं, दुपारी डोक्यावर ऊन आलं की कळस, उतरत्या उन्हाबरोबर कमी. आयुर्वेदात अशा दुखण्याला सूर्यावर्त म्हणतात आणि अर्ध्या डोक्याच्या दुखण्याला अर्धावभेदक, हे मला पुष्कळ पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळायचं, की आज अव्वाच्या खोलीची खिडकी बंद आहे, आज पायांचा आवाज करायचा नाही.

सुंठ उगाळून कपाळाला लेप, त्यावर घट्ट फडकं, हा तिचा उपाय. शेजारच्या आजी सांगायच्या, उजाडायच्या आत दुधात जिलेबी बुडवून खा, अर्धशिशी पळते. अव्वा हसायची. उजाडायच्या आत तोंडात पाणी घालायचं नाही हे आमचं व्रत, मग जिलेबी कुठली? ती म्हणायची, “असू दे गं. असाताचा उदय हाय. भोगून संपवायचं.” असातावेदनीय कर्म म्हणजे दुःख भोगायला लावणारं कर्म. हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते तत्त्वार्थाच्या पोथीतून नाही, त्या अंधाऱ्या खोलीच्या दारात ऐकले.

मला चौदाव्या वर्षी सुरू झालं. आधी डोळ्यांपुढं करवतीच्या दात्यांसारखी चमकती रेघ यायची, हळूहळू पसरायची, वहीतली अक्षरं मधेच गायब व्हायची. वीस-पंचवीस मिनिटांनी रेघ जायची आणि डाव्या डोळ्यामागं घण सुरू व्हायचे. बहुतेक वेळा पाळीच्या आदल्या दिवशी. त्यामुळं घरात कुणी त्याला वेगळं दुखणं मानलंच नाही, पाळीचाच तो एक भाग होता.

एक गोष्ट आज कबूल करायला हवी. बाजूला बसायची पद्धत मला कधी आवडली नाही, आणि माझ्या मुलीवर मी ती लादली नाही. पण त्या तीन-चार दिवसांनी माझं दुखणं झाकून धरलं होतं हेही खरं. कोपऱ्यातली खोली, चूल नाही, फोडणीचा वास नाही, कुणी हाक मारत नाही. दुखणारं डोकं घेऊन पडायला घरानं दुसऱ्याच कारणासाठी जागा दिलेली होती. पाळी गेली तेव्हा ती जागाही गेली. आता मी महिन्याचे तीसही दिवस शुद्ध आणि तीसही दिवस उपलब्ध.

सासूबाई म्हणायच्या, “पाळी गेली की सगळं जातंय बघ. मी बी असंच काढलो.” त्यांचं खोटं नव्हतं, त्यांचं खरंच गेलं होतं. त्या भरवशावर मी दिवस मोजत राहिले.

सेहेचाळिसाव्या वर्षी पाळीचं वेळापत्रक बिघडलं. कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. रात्री अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, घामानं उशी भिजायची, तीन वाजता जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. आणि डोकं? महिन्यातून दोनदा दुखणारं डोकं महिन्यातून दहा-बारा दिवस दुखायला लागलं. पूर्वी निदान ठाऊक असायचं, अमुक तारखेला येणार, भाजी आदल्या दिवशी निवडून ठेवायची. आता तारीखच राहिली नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, पाहुण्यांसमोर, कुठंही. मी पदराच्या टोकाला गोळी बांधून हिंडायला लागले. डोकं दुखलं तर एक, दुखेल असं वाटलं तर एक, कार्य आहे म्हणून आधीच एक.

आमच्या जाऊबाईंचंही डोकं दुखायचं. त्यांना एक्केचाळिसाव्या वर्षी रक्तस्रावाचा त्रास झाला, तेव्हा गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढून टाकली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, पिशवी गेली की डोकंही थांबेल. उलट झालं. सहा महिन्यांत त्यांचं दुखणं दुप्पट झालं. त्या सांगायच्या आणि मी, जिला स्वतःला अर्धशिशी, मनात म्हणायचे, यांना जरा कौतुक करून घ्यायची सवयच आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

पन्नासाव्या वर्षी शेवटची पाळी आली. ती शेवटची होती हे अर्थात नंतर कळलं. सलग बारा महिने आली नाही की पाळी गेली असं धरतात. मी कॅलेंडरवर बारा खुणा केल्या. बारावी खूण श्रावणात झाली. लगेच पुढं भाद्रपद. मी बस्तीत जाऊन नियम घेतला, दहा दिवस एकाशन, अन्नपाणी दिवसातून एकदाच. चहाही सोडला. दिवसाला चार कप पिणारी मी, पंचमीच्या सकाळपासून शून्य.

दुसऱ्याच दिवशी डोकं जड झालं. तिसऱ्या दिवशी दुखायला लागलं. मी कुणाला सांगितलं नाही. एवढ्या वर्षांनी मिळालेले दहा दिवस, ते काय डोक्यासाठी मोडायचे? सहावा दिवस सुगंध दशमीचा. बस्तीत धूप घालायला बायकांची गर्दी, गाभाऱ्यापासून दारापर्यंत धुराचा पडदा, त्यात घंटेचा आवाज. सहावा अध्याय वाचला जात होता. मी ऐकत होते, म्हणजे बसले होते. कुठलंही सूत्र आत जात नव्हतं. आत फक्त एकच गोष्ट चालू होती : अजून किती वेळ, अजून किती वेळ.

सातवा दिवस उत्तम तपाचा. अभिषेक चालू असताना माझ्या डोळ्यांपुढं ती करवतीची रेघ आली. उठून बाहेर यायला हवं होतं, पण पहिल्या रांगेतून उठायचं कसं? अर्ध्या तासानं उठले तेव्हा उशीर झाला होता. बस्तीच्या आवारात, नळाजवळ, मला उलटी झाली. पोटात काही नव्हतंच, नुसतं कडू पित्त. दोन बायकांनी धरून घरी आणलं. एक वाटेत म्हणाली, “झेपत नाही तर कशाला करायचं बाई?” दुसरी म्हणाली, “पित्त हाय ते, पडू दे, बरं असतंय.” दोघींचं मन चांगलं होतं. पण मला त्या दिवशी आपण बस्ती बाटवली असं वाटत राहिलं. उरलेले तीन दिवस मी बस्तीची पायरी चढले नाही. पाळी असतानाही एवढं दूर बसल्यासारखं वाटलं नव्हतं.

यांनी त्या दिवशी काही बोलणं टाळलं. चार दिवसांनी माझ्या कपाटातल्या, पर्समधल्या, उशीखालच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या गोळा करून एका पिशवीत घातल्या आणि म्हणाले, “आता डॉक्टरकडं जायचं. ही पिशवी घेऊन.”

आमच्या बेळगावातल्याच एक डॉक्टरबाई. त्यांनी पिशवी टेबलावर ओतली आणि शांतपणे मोजली. मग म्हणाल्या, “तुम्हाला एक नाही, दोन डोकेदुख्या आहेत. एक तुमची जुनी, आणि एक या गोळ्यांची.” साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांच्या वर घेत राहिलं तर त्या गोळ्याच डोकं दुखवायला लागतात. दुखलं म्हणून गोळी, गोळी उतरली म्हणून दुखणं, असं रहाट चालू होतं. माझा आकडा महिन्याला वीस दिवसांच्या आसपास निघाला.

मग त्यांनी पाळीचं समजावलं. इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं लिहिते. शरीरातलं इस्ट्रोजेन खाली घसरलं की अर्धशिशी उठते. पाळीच्या आधी ते घसरतं, म्हणून आदल्या दिवशीचं दुखणं. पाळी जायच्या आधीची जी चार-पाच वर्षं असतात, त्यांत ते नुसतं कमी होत नाही, वरखाली हेलकावे खातं, म्हणून दुखणं वाढतं. पाळी आपोआप गेली की काही काळानं ते खालीच स्थिर होतं आणि तीनांतल्या साधारण दोघींना आराम पडतो. पण बारा महिने झाले की तेराव्या महिन्यात डोकं थांबलं, असं नसतं. वर्ष-दोन वर्षंही लागतात. आणि अंडाशयं काढल्यावर इस्ट्रोजेन एकाच दिवसात कोसळतं, त्यामुळं अशा बायकांचं दुखणं पुष्कळदा वाढतं.

मला तिथं बसल्या बसल्या जाऊबाई आठवल्या.

“आणि उपवास?” मी विचारलं. त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, “तुमच्या डोक्याला बदल सोसत नाही. जेवणाची वेळ बदलली, पाणी कमी झालं, झोप कमी झाली, किंवा जास्तही झाली, तरी ते उठतं. तुम्ही एकाच दिवशी जेवण, पाणी आणि चहा तिन्ही तोडलंत. चार कप चहा एकदम सोडला तर अर्धशिशी नसलेल्या माणसाचंही डोकं दुखतं. सोडायचा असेल तर पंधरा दिवस आधीपासून एकेक कप कमी करा.”

त्यांनी दमा आहे का विचारलं, ई.सी.जी. काढला, रक्तदाब बघितला. एक रोजची गोळी दिली. ती मूळची रक्तदाबाची म्हणून मी दचकले, माझा रक्तदाब तर चांगला होता. पण कमी मात्रेत ती अर्धशिशी येऊच नये म्हणून देतात. दुसरी गोळी आली की घ्यायची, ट्रिप्टान जातीची. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ती घ्यायची नसते. तिचा नियम एकच : दुखायला लागल्या लागल्या घ्यायची, कळस झाल्यावर नव्हे, आणि महिन्यात नऊ दिवसांच्या वर नाही. गरम वाफांसाठी हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का, असंही मी विचारलं. डोळ्यांपुढं रेघा येणाऱ्यांनी त्या आपल्या मनानं घ्यायच्या नाहीत, पक्षाघाताचा धोका तोलून बघावा लागतो, असं त्यांनी बजावलं. आणि पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेतल्या होत्या, हे विचारलं तेव्हा मी खाली बघितलं.

जुन्या गोळ्या बंद केल्यावर पहिले दहा-बारा दिवस जे काढले ते आठवायला नको. घरात पोहे आणि खिचडी हेच शिजत होतं, तेही यांच्या हातचं. मग हळूहळू रहाट थांबलं.

खरी अडचण पुढंच होती. दुखायला लागल्या लागल्या गोळी घ्यायची. पण सूर्य मावळल्यावर लागलं तर? लग्न होऊन आल्यापासून मी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. डोकं नऊ वाजता उठायचं आणि मी सूर्योदयाची वाट बघत पडायचे. दहा तासांनी घेतलेली गोळी कशाला लागू पडणार? यांनी म्हणून बघितलं, औषध म्हणजे काही खाणं नव्हे. मला ते वकिली बोलणं वाटलं.

त्या वर्षी जवळच्या गावात एका आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. कार्तिकात मी गेले. बाकीच्या बायका उठून जाईपर्यंत थांबले आणि सगळं सांगितलं. बस्तीच्या आवारातली उलटीसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, “सातव्या दिवशी तू पूजेत बसली होतीस तेव्हा ध्यान कुठं होतं?”

“डोक्यात,” मी म्हटलं.

“मग ते तप कसलं? नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार येतात. त्यांत वेदनेचा एक आहे. दुखण्याचंच चिंतन. त्यानं कर्म झडत नाही, बांधलं जातं.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “सोळा भावना पाठ आहेत ना? सातवी कुठली?”

मी बोटांवर मोजलं. दर्शनविशुद्धी, विनयसंपन्नता… सहावी शक्तितस्त्याग. सातवी शक्तितस्तप.

“शक्तितः म्हणजे काय?”

“शक्तीप्रमाणे.”

“सहाव्या अध्यायातच येतं ते. दशमीला वाचलं असणार तुमच्या बस्तीत.”

वाचलं होतं. मी पहिल्या रांगेत होते. डोळ्यांपुढं धूर होता आणि डोक्यात घण होते, आणि जे मला ऐकायला हवं होतं ते माझ्यासमोर वाचलं जात होतं.

रात्रीच्या गोळीचं मी विचारलं. माताजींनी ‘घे’ म्हटलं नाही की ‘घेऊ नको’ म्हटलं नाही. म्हणाल्या, “श्रावक नियम घेताना पाण्याची आणि औषधाची सूट ठेवतात. तू ठेवली नव्हतीस. नियम घेतलास तेव्हा तुझं वय काय होतं?” तेवीस, मी सांगितलं. “आता आपलं शरीर बघून पुन्हा घे.” ज्या स्वतः दिवसातून एकदाच आहार घेतात, त्यांनी मला हे सांगावं, यानं माझ्या मनातला मोठा दगड हलला. अव्वाचं आणि माझं चुकलं होतं ते इथं. दुखणं कर्माच्या उदयानं येत असेल, पण ते सोसत पडून राहणं म्हणजे तप नव्हे. तप आपण निवडतो. अर्धशिशी आपल्याला विचारून येत नाही. जे निवडलेलंच नाही त्याला व्रताचं नाव देऊन आम्ही दोघी अंधारात पडून राहिलो.

तरी पहिली रात्र अवघड गेली. पौष महिना असेल. रात्री साडेदहाला डाव्या डोळ्यामागं ओळखीचं सुरू झालं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, दिवा न लावता तांब्या हातात घेतला. अठ्ठावीस वर्षांत रात्री त्या माठाला हात लावला नव्हता. णमोकार म्हटला आणि गोळी घेतली. पाणी गार होतं, एवढंच आठवतं. पाप केल्यासारखंही वाटलं नाही आणि फार धीट झाल्यासारखंही नाही. अव्वा आठवली. तिनं कधी घेतली नसती. तिला कुणी विचारलंही नसतं, तेवीस वर्षांची असताना घेतलेला नियम आता तुला झेपतो का म्हणून. दीड तासानं डोकं उतरलं आणि मी झोपले. सकाळी सामायिकाला बसले तेव्हा ध्यान निदान डोक्यात नव्हतं.

याला आता पाच वर्षं झाली. मी एक वही ठेवली आहे, हिशेबाची असते तसली. तारीख, किती वाजता, आधी काय झालं, झोप किती, गोळी घेतली का. पहिल्या वर्षीच्या पानांवर महिन्याला आठ-नऊ नोंदी आहेत, आता एखादी. कधी एखादा महिना कोरा. वही बघून डॉक्टरबाईंनी रोजची गोळी आधी कमी केली, मग थांबवली. वहीमुळं मलाही काही कळलं : माझं डोकं आंबटानं उठतं असं मी तीस वर्षं मानत होते आणि चिंच-दही टाळत होते. नोंदीत आंबटाचा संबंध कुठंच दिसला नाही. उशिरा जेवणं, जागरण आणि धूप, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं.

दशलक्षण मी आता असं करते. दोन वेळा जेवण, दिवसभर पाणी. चहा श्रावणातच उतरवत आणते. एक रस सोडते. सुगंध दशमीला दाराजवळ, वाऱ्याच्या बाजूला बसते आणि कुणी पुढं बोलावलं तर नाही म्हणते. रेघ दिसली की उठून बाहेर येते, अभिषेक चालू असला तरी. पूजेनंतर डोकं शांत असेल तर कधी किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन बसते. 1204 साली बांधलेली ती बस्ती, आत दगडाचा गारवा आणि डोळ्यांना सोसेल एवढाच उजेड. तिथं नवव्या अध्यायातली सूत्रं म्हणते. आता ती आत जातात.

जाऊबाईंची मी क्षमा मागितली, डॉक्टरकडं जाऊन आले त्याच वर्षी. त्या म्हणाल्या, “कशाबद्दल गं?” मी सांगितलं, तुमचं दुखणं मी खोटं धरत होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन मी त्याच डॉक्टरबाईंकडं गेले.

दुसरी क्षमा मुलीची. ती बंगळूरला नोकरी करते. तिच्या पंधराव्या वर्षापासून तिचंही डोकं दुखतं आणि मी तिला फोनवर, समोर, कितीदा सांगितलं असेल, “सोस जरा, आम्ही नाही का सोसलं? पाळी गेली की जाईल.” म्हणजे मी तिला तीस-पस्तीस वर्षं थांबायला सांगत होते. क्षमावाणीच्या दिवशी तिला फोन करून हे बोलले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आई, मी दोन वर्षांपूर्वीच डॉक्टरकडं गेले. तुला सांगितलं नाही. तू म्हणशील, एवढ्यासाठी काय डॉक्टर.” मला लागलं ते. पण तिनं योग्य केलं.

वाचणाऱ्या मैत्रिणींना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, किंवा जुन्या दुखण्याची तऱ्हा बदलली, किंवा आयुष्यात कधी नव्हतं असं एकाएकी भयंकर दुखलं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर त्याला पाळीच्या खात्यात टाकू नका. तडक दवाखाना गाठा. आणि तुमचं दुखणं माझ्यासारखंच जुनं, ओळखीचं असेल, तर ते आपोआप जाईल म्हणून बसून राहू नका. जाईलही कदाचित. पण मधली वर्षं आपलीच असतात.

येत्या भाद्रपदात मी पुन्हा सकाळी लवकर बस्तीत असेन, दाराजवळच्या खांबाशी. नव्या सुना विचारतात, “काकू, पुढं या की, मागं का बसता?” पूर्वी मी काहीतरी सांगून टाळायचे. आता सांगते, मला अर्धशिशी आहे, धूप सोसत नाही. मग त्यांतली एखादी हळूच मागं सरकते आणि माझ्या शेजारी येऊन बसते.